मुकादमाचं जाकीट

उचगावला हायवेकडनं आत वळलं की डाव्या हाताला बसाप्पा हूडवाल्याचं पत्र्याचं दुकान लागतं. दुकानावर पाटी नाही आणि ती कधी लागलीही नाही. कोल्हापुरातल्या रिक्षावाल्याला हूड शिवायचं म्हटलं की तो बसाप्पाकडंच येतो, निदान येत होता. आता कंपनीतनं तयार हूड येतंय. ते वर्षात फाटतं, पण चकाकतं, आणि लोकांना चकाकी पुरते.

बसाप्पाचं वय एकसष्ट. अंगानं वाळलेला, पाठ मशीनवर वाकून तशीच राहिलेली. उजव्या हाताची दोन बोटं नायलॉनच्या दोऱ्यानं कापून कापून टणक झालेली, चहाचा गरम कप तो त्या दोन बोटांतच धरतो. चाळीस वर्षं त्यानं रेक्झिन, फोम आणि ताडपत्री यांच्याशिवाय कशाला हात लावला नाही. रिक्षांच्या सौंदर्य स्पर्धेत नंबर काढलेल्या सात रिक्षांची हूडं आणि सीटा ह्याच्या हातच्या. स्टेजवर मात्र कधी कुणी त्याला बोलावलं नाही. मी एकदा त्यावरनं आयोजकांशी भांडायला निघालो होतो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे पिराजी. स्टेजवर हुबं ऱ्हायला मला कापडं कुठं हायती?"

असा हा माणूस. भांडणाचा त्याला कंटाळा, आणि माझं पोट भांडणावर चाललेलं. कुणाचं रेशन, कुणाची पेन्शन, कुणाची गटार. शिक्षण आठवीपर्यंत, पण अर्ज मी वकिलापेक्षा बरा लिहितो. बसाप्पाची बायको मल्लव्वा मला 'अर्जवाले' म्हणते. तिचं माहेर निपाणीच्या खालच्या अंगाला. मराठी बोलते ती कानडीच्या हेलात, आणि नवऱ्याला हाक मारते ती 'री' अशी.

दुकानात मशीनच्या खाली एक कुत्रा असायचा. तांबूस अंग, पांढरे पाय, आणि डाव्या कानाला नसबंदी झाल्याची खाच. सहा वर्षांपूर्वी पावसात मशीनखाली येऊन बसला तो तिथलाच झाला. नाव मुकादम. कारण असं की, नवीन हूड बसवून रिक्षा दुकानाबाहेर काढली की हा उठायचा, रिक्षेला पूर्ण फेरी मारायचा, मागच्या चाकाशी थांबायचा आणि तंगडी वर करायचा. मग परत मशीनखाली. रिक्षावाले म्हणायचे, "मुकादमानं पास केली, चला." काहीजण तर तो तंगडी वर करेपर्यंत रिक्षा हलवायचे नाहीत. अंगारा लावावा तसं झालं होतं ते. ह्या कुत्र्यानं जन्मात कधी खांबावर, भिंतीवर, झाडावर तंगडी वर केली नाही. फक्त टायर.

तिथंच घोळ झाला.

दुकानासमोर नवीन तीन मजली घर झालं. मालक उदयसिंह, पेठेतनं इकडं राहायला आलेला मोठा कंत्राटदार. मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यानं नवी पांढरी गाडी आणली. हार घातला, नारळ फोडला, आणि मुकादम सवयीनं गेला, फेरी मारली, मागच्या चाकाशी थांबला. उदयसिंहनं बुटासकट लाथ घातली. मुकादमानं पोटरी धरली.

इंजेक्शनं झाली. मुकादमाला लस टोचलेली होती, त्याचा कागद मी दाखवला. उदयसिंह पायाला पट्टी बांधून दुकानात आला. ओरडला नाही. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बसाप्पा, तू भला माणूस हायस. पर माझ्या घरात दोन नातवंडं हायती. रविवारी ती गावासनं परत येणार. तवर हे कुत्रं मला हितं दिसता कामा न्हाय."

"न्हाय दिसणार," बसाप्पा म्हणाला.

मी उसळलो. "का न्हाय दिसणार? कायदा हाय! नसबंदी झालेलं कुत्रं त्याच्या जागेवरनं कुणाला हलवता येत न्हाय. तुम्ही आधी लाथ घातली, ते कोण बोलणार?"

उदयसिंह माझ्याकडं बघून हसला. "पावणं, कायदा दिवसा असतोय."

एवढंच बोलून तो गेला. त्या वाक्याचा अर्थ त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होता. आदल्या उन्हाळ्यात दोन कुत्री सकाळी तोंडाला फेस येऊन मरून पडलेली सापडली होती. कुणी केलं ते ठाऊक नाही, आणि मी पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेत नाही. पण गल्लीत खायला टाकणारे हात होते आणि ते कुणाचेही असू शकत होते.

मी त्याच दुपारी तीन ऑफिसात अर्ज दिले. पोच घेतली. परत येऊन बसाप्पाला शिक्का दाखवला. त्यानं शिक्क्याकडं बघितलं, मग मशीनखाली झोपलेल्या मुकादमाकडं.

"पिराजी, हे उत्तर कवा येणार?"

"येईल की. पंधरा दिस, महिना."

"आणि रविवार?"

ह्यावर माझ्याकडं अर्ज नव्हता.

मल्लव्वाच्या भावाकडं निपाणीला मागं एकदा मुकादमाला ठेवून बघितलं होतं. साखळीला बांधला तर चार दिवस त्यानं तोंडात घास घेतला नव्हता. चावलेलं कुत्रं म्हटल्यावर आता दुसरं कोणी दारात उभं करेना. मग बसाप्पाला बाबल आठवला.

बाबल हा मालवणचा कोळी. बायको नाही, मूल नाही. कधीतरी कुठल्याशा रिक्षावाल्याच्या ओळखीनं येऊन बसाप्पाकडनं होडीवर सावलीसाठी ताडपत्रीचं छत शिवून घेऊन गेला होता. डिझेल परवडेना म्हणून जुन्या होडीला शीड लावून एकटाच गरीनं मासे मारतो, दोन दोन दिवस बाहेर राहतो. होडीवर त्याला कुत्रा हवाच असतो. किनाऱ्यावर नांगरलेल्या होड्यांतनं सामान जातं, आणि शिवाय बोलायला कोणीतरी लागतं. त्याचा आधीचा कुत्रा गेल्याचं त्यानं फोनवर सांगितलं होतं.

बसाप्पानं फोन लावला. पलीकडनं आलेलं बोलणं मला बाहेरपर्यंत ऐकू आलं.

"घेऊन येवा मरे! चावणारो असलो तर बरोच. पण आधी एक दिवस समुद्रात नेऊन बघतलंय. माझो आदलो कुत्रो धक्को दिसल्यार उडी मारी. एक दिवस होडी आणि धक्क्याच्या मधी सापडान मेलो. होडयेर ऱ्हवाक येयना तर परत घेऊन जावा. माका दुसऱ्यांदा ता बघूचा नाय." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि त्येका जाकीट शिवा. तरंगणारा. तुम्ही शिवतास मां?"

म्हणजे मुकादमाचा जीव आता समुद्रातल्या एका दिवसावर आला. तो होडीवर राहिला तर जगला. नाही राहिला तर रविवारी परत गल्लीत.

बुधवारी बसाप्पानं जाकीट शिवलं. निळं रेक्झिन, आत पाणी न शोषणारा फोम, कडेनं दुहेरी टाका. मला ते बघूनच बरं वाटलं. असलं काम दुकानात मिळत नाही. गुरुवारी सकाळी मळ्यातल्या एका पायऱ्यांच्या विहिरीवर गेलो. मुकादमाला जाकीट घातलं, पाठीला दोर बांधला आणि पायरीवरनं अलगद पाण्यात सोडला.

तो एका दमात उलटा झाला. चारी पाय आभाळाकडं, पोट वर, तोंड पाण्याखाली. पाय मारतोय तो हवेत. मी दोर ओढला तर आणखी फिरला. बसाप्पा कपड्यांसकट उडी मारून त्याच्यापाशी गेला, त्याला मिठी मारून पायरीशी आणला. दोघंही खोकत बसले. एकसष्ट वर्षांचा माणूस, ओठ निळे झालेले.

"फोम चांगला हुता," तो म्हणाला. "मग का उलटला?"

मल्लव्वा वर कठड्याशी उभी होती. तिला पोहता येत नाही. ती वरनं ओरडली, "ओ री! तुम्ही पवायला शिकलाता तवा डबा पोटावर बांधलावता काय पाठीवर?"

बसाप्पानं मान खाली घातली.

आमच्याकडं प्रत्येक पोर विहिरीत पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून शिकतं. बसाप्पाही शिकला होता, मीही. पण चाळीस वर्षं सीट शिवून शिवून त्याच्या हातात एकच गोष्ट भिनलेली, वजन जिथं पडतं तिथं गादी द्यायची. म्हणून सगळा फोम त्यानं पोटाखाली घातला होता, कुत्रा बसणार असल्यासारखा. पोटाखालचा फोम वर यायला बघणार आणि कुत्र्याला उताणं पाडणार. डबा पाठीवर असला की आपण खाली लोंबतो, तोंड वर राहतं. सात वर्षांच्या पोराला कळणारी गोष्ट.

"अर्जवाले," मल्लव्वा मला म्हणाली, "तुमच्या ध्यानात बी आलं न्हाय व्हय?"

नव्हतं आलं.

दुपारभर बसून त्यानं सगळं उसवलं. फोम पाठीवर आणि दोन्ही कुशींवर, पोटाखाली नुसता पट्टा, गळ्याखाली छोटी उशी. पाठीवर मधोमध धरायला एक कडी. ती कडी त्यानं रिक्षेच्या हुडाचा पट्टा शिवतात तशी शिवली, चौकोन आणि त्यात फुली, चार पदरांतनं दाभण घालून. शिवता शिवता दोनदा चष्मा काढून डोळे चोळले. संध्याकाळी परत विहिरीत सोडला तर मुकादम बदकासारखा सरळ. वैतागलेला, पण सरळ.

शुक्रवारी दुपारी माझ्या जुन्या व्हॅनमधनं निघालो. राधानगरी, फोंड्याचा घाट, मग खाली. घाटात मुकादमानं दोनदा ओकारी काढली. बाबलनं फोनवर बजावून सांगितलं होतं, समुद्रावर न्यायच्या आधी कुत्र्याला रिकाम्या पोटी ठेवा, थोडं पाणी द्या, खाणं परत आल्यावर. पण शनिवारी सकाळी बसाप्पानं पिशवीतनं मल्लव्वानं बांधून दिलेली भाकरी काढली, त्यावर दूध ओतलं आणि पुढं ठेवलं.

"अरं, नको म्हणालेत ना ते?" मी म्हणालो.

"उपाशी कसा न्यायचा? तिनं ताकीद दिलीया." मग हळू म्हणाला, "परत तिच्या हातची कवा मिळणार त्याला."

मी भांडं मुकादमाच्या जवळ सरकवलं.

बाबल उंच, काळा, डोक्याला टॉवेल बांधलेला. त्याची होडी लहान, मधे डोलकाठी, वर बसाप्पानंच शिवलेलं छत. बसाप्पानं होडीत पाय टाकल्या टाकल्या काय केलं, तर साखळी मुकादमाच्या गळ्यात अडकवली आणि दुसरं टोक डोलकाठीला.

बाबलनं त्याच्या हातावर चापट मारली. चापट म्हणजे खरोखरची. "फाशी देतंस काय त्येका? पडलो तर मानेर लोंबकळतलो! गळ्याक कायएक बांधूचा नाय. पाठीक बांध. आणि दोरी इतकीच, की कडेर तेचो पाय पोचूक नये."

मग त्यानं स्वतः जाकिटाच्या कडीला पट्टा बांधला, तो होडीच्या मधल्या लाकडाला, हातभर लांब. जाकीट ओढून बघितलं, दोन बोटं आत घालून घट्ट आहे का बघितलं. कडीच्या टाक्यावर अंगठा फिरवला आणि मान डोलावली. बसाप्पाला त्याहून मोठं बक्षीस स्टेजवर मिळालं नसतं.

शीड चढलं. सातवीच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, पण ते खरंच असतात हे मला तेव्हा कळलं. सकाळी जमिनीकडनं येणाऱ्या वाऱ्यानं होडी आवाज न करता बाहेर निघाली. तासाभरात किनारा नुसती रेघ झाला. मुकादमानं सकाळची सगळी भाकरी होडीत ओतली. नंतर मीही. बसाप्पाला काही झालं नाही. चाळीस वर्षं हलणाऱ्या मशीनपुढं बसलेला माणूस.

बाबल हसला. "तुमच्या कोल्हापूरची माणसां मटणाशिवाय कायएक पोटात ठेवनत नाय."

"मी लिंगायत हाय," बसाप्पा म्हणाला. "मटण खात न्हाय."

"म्हणान तर तू बरो असंस."

बाबल हात चालवता चालवता सांगत होता. सांगत म्हणजे ओरडत. कुत्रा खारं पाणी चाटायला बघतो, चाटू द्यायचं नाही. गोडं पाणी थोडं थोडं, सारखं. ऊन वर आलं की छताखाली ओलं गोणपाट. फळ्या तापल्या की पाय भाजतात. शीड फिरवायच्या आधी कुत्रा कुठं आहे ते बघायचं, मग दोरी सोडायची. बसाप्पा एकेक ऐकत होता आणि ओठांनी पुटपुटत होता. मी विचारलं, "तुला कशाला पाठ करायचंय? ते करणार."

"मला कळाया पायजे की, काय काय व्हतंय त्याला हितं."

मुकादमाला मराठी कळत नाही. मल्लव्वानं त्याला वाढवला कानडीत. 'बा' म्हटलं की येतो, 'सुम्मन कुंद्रू' म्हटलं की गप बसतो. बसाप्पानं बाबलला ते शिकवायला घेतलं. बाबल तीनदा चुकला, चौथ्यांदा बरोबर आलं, आणि मुकादम खरंच बसला. बाबल इतका खूश झाला की त्यानं मलाही म्हणून बघितलं.

पण नऊ वाजले, दहा वाजले, आणि मुकादम कण्हायला लागला. सकाळी अंधारात किनाऱ्यावर फिरवला होता, तिथं सगळी वाळू. एकदाही तंगडी वर केली नव्हती. व्हॅनच्या चाकावर केली ती आदल्या संध्याकाळी. आता तो पट्टा ताणून गोल फिरत होता, थांबत होता, किनाऱ्याच्या रेघेकडं तोंड करून भुंकत होता. बाबलनं गोणपाट दिलं. हुंगलं, सोडलं. दोरीचं भेंडोळं दिलं. नाही.

बाबलचा चेहरा उतरला. त्यानं गरी गुंडाळून ठेवली.

"ह्याच," तो म्हणाला. "आदलो पण असोच करी. दिवसभर धरून ठेवी, म्हणान धक्को दिसलो की उडी. मी दोन दोन रोज भायर ऱ्हवतंय. ह्यो मरतलो नायतर उडी मारतलो. माका जमाचा नाय, बसाप्पा. परत घेऊन जावा."

बसाप्पा मुकादमाशेजारी फळीवर बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या वेळी मला तो पहिल्यांदा म्हातारा दिसला. मला राग आला होता, पण कुणावर काढायचा? समुद्रावर? अर्ज कुणाच्या नावे करायचा? रविवार दुसऱ्या दिवशी होता.

मग बसाप्पाची नजर पुढं गेली. होडीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला, जाळ्याच्या ढिगाखालनं, एक काळी गोल कड दिसत होती.

"बाबल, ते काय?"

"टायर. धक्क्याक घासू नये म्हणान भायर सोडतंय, समुद्रात इलो की आत घेतंय."

बसाप्पा रांगत पुढं गेला, जाळं बाजूला केलं आणि कडेवरनं हात फिरवला. "रिक्षाचा हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला. "पिराजी, रिक्षाचा टायर हाय!"

त्यानं तो ओढत मधे आणला आणि उभा धरला, हुबेहूब रिक्षेचं मागचं चाक. मुकादमाचे कान उभे राहिले. तो आला. पण पट्टा हातभर, टायरला फेरी मारता येईना, आणि फेरी मारल्याशिवाय मुकादम पास करत नाही. बसाप्पानं पटकन कडीतला पट्टा सोडला.

ती चूक होती. पण मी बघत होतो आणि मीही थांबवलं नाही.

मुकादमानं एक पूर्ण फेरी मारली. थांबला. हुंगलं. आणि तंगडी वर केली. किती वेळ, ते विचारू नका. बाबल सुकाणूवर बसून मोठ्यांदा हसायला लागला, मी टाळ्या वाजवल्या, बसाप्पा टायर धरून म्हणत होता, "शाब्बास, शाब्बास रं माझ्या मुकादमा."

वारा कधी पडला होता आणि समुद्राकडनं दुसरा कधी उठला ते आम्हाला कळलंच नाही. बाबल हसत होता, त्यालाही उशिरा कळलं. शीड फाडकन एका अंगाचं दुसऱ्या अंगाला गेलं, होडी कलली, आणि तीन पायांवर उभा असलेला मुकादम कडेवरनं गेला.

बसाप्पा उडी मारायला उठला. बाबलनं त्याचा शर्ट मागनं धरून त्याला खाली आपटला. "बस! दोघांका कसो काढू मी?" मग माझ्याकडं, "तू! हात कर कुत्र्याकडे! हात खाली घेव नको, नजर काढू नको!"

मी हात केला. आयुष्यात मोर्च्यांत हजारदा हात वर केलाय, असा जड कधी झाला नव्हता. निळा ठिपका लाटेवर यायचा, लाटेमागं जायचा. होडी तशीच पुढं जात होती, आणि ठिपका लहान होत होता. एक लाट आली आणि दिसेना. मी हात तिथंच ठेवला. परत दिसला. सरळ होता. तोंड वर, पाठीवर निळा फोम. डबा बांधलेल्या पोरासारखा.

बाबलनं होडी फिरवली, शीड उतरवलं, वल्ह्यानं जवळ घेतली. बसाप्पा कडेवर छाती टेकून ओरडत होता, "बा! मुकादम, बा!" मुकादम गोल गोल पोहत होता, आवाज आला तसा वळला आणि आमच्याकडं यायला लागला.

"कडयेक धर आणि वर ओढ!" बाबल ओरडला.

बसाप्पानं दोन टणक बोटं कडीत घातली आणि ओढलं. ओलं कुत्रं, वर पाण्यानं भरलेले केस, सगळा भार त्या चौकोनातल्या फुलीवर. टाका करकरला. तुटला नाही. मुकादम आत येऊन पडला, खोकला, आणि मग उठून आम्हा तिघांच्या अंगावर समुद्र झाडला.

मग बाबल बोलला, आणि जे बोलला ते मी इथं लिहू शकत नाही. पट्टा सोडल्याबद्दल त्यानं बसाप्पाच्या तीन पिढ्या काढल्या. बसाप्पा मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी बाबलचा दम संपला. त्यानं पट्टा परत कडीला बांधला, लांबी बघितली, मग टायर उचलून पट्टा पोचेल तिथं मधल्या लाकडाला दोरीनं पक्का बांधला. मुकादम त्या टायरला टेकून बसला.

"ठेवतंय," बाबल म्हणाला.

खाऱ्या वाऱ्यानं दुपारी परत आलो. धक्का जवळ आला तेव्हा तिघंही मुकादमाकडं बघत होतो. त्यानं मान वर केली, बघितलं, आणि परत टायरवर ठेवली. त्याला किनाऱ्याचं काही काम उरलं नव्हतं.

बसाप्पानं उरलेली भाकरी काढून त्याच्यापुढं ठेवली. खाऊन झाल्यावर म्हणाला, "सुम्मन कुंद्रू." मुकादम बसला. बसाप्पा होडीतनं उतरला आणि चालायला लागला. मी मागं वळून बघितलं. मुकादम तसाच बसलेला, कान आमच्याकडं. ऊठ म्हणायला कोणी नव्हतं म्हणून बसलेला. बसाप्पा वळला नाही. राधानगरीजवळ म्हणाला, "गळ्याखालची उशी जरा मोठी झाली. टोचत असंल." बस्स.

रविवारी उदयसिंहची नातवंडं आली. संध्याकाळी तो दुकानात येऊन म्हणाला, "बरं केलंस बसाप्पा. सोय लागली म्हणं." माझ्या जिभेवर होतं ते बसाप्पानं डोळ्यानंच गिळायला लावलं. मशीन चालू होतं. मशीनखाली त्याचा डावा पाय अधूनमधून सवयीनं बाजूला सरकत होता, तिथं कोणी झोपलंय असा.

सात आठवड्यांनी माझ्या अर्जाचं उत्तर आलं. शिक्का, जावक क्रमांक, सगळं. नियमाप्रमाणे सदर श्वानास त्याच्या मूळ जागेवरून हलवता येत नाही, संबंधितांनी नोंद घ्यावी. मी जिंकलो होतो. मी ते बसाप्पाला वाचून दाखवलं. त्यानं कागद घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि मशीनच्या हलणाऱ्या पायाखाली सारला. मशीन डुगडुगायचं थांबलं.

त्याच दुपारी बाबलचा फोन आला. खाऱ्या पाण्यानं दोरा खाल्ला होता, पोटाच्या पट्ट्याचा टाका गेलेला. बसाप्पानं नवं जाकीट आधीच कापून ठेवलं होतं, ह्या वेळी गळ्याखालची उशी लहान. तो फोन कानाला लावून मापं विचारत होता. मधेच पलीकडनं भुंकणं ऐकू आलं, आणि त्यावर बाबलचा आवाज, मालवणी हेलातला, पण कानडी अगदी बरोबर, "सुम्मन कुंद्रू!"

भुंकणं थांबलं.

बसाप्पानं फोन कानाशी आणखी दाबून धरला. मग म्हणाला, "व्हय, ऐकतोय मी. छातीचं माप सांगा."